सही करायच्या आधी वाच रे बाबा

चिन्या,

तुझ्या सिनेमाचं कॉन्ट्रॅक्ट वाचलं आणि स्क्रिप्टपण वाचली. व्हॉट्सअपवर लिहायला घेतलं होतं पण अंगठे दुखायला लागले म्हणून कॉम्प्युटर लावलाय, आता सलग वाच, मधेच ‘हो गं आई’ टाकून सुटायचं नाही.

आधी कॉन्ट्रॅक्ट. तू म्हणालास सगळे असंच सही करतात, प्रोड्युसर चांगला माणूस आहे, गेलं की चहा विचारतो. माझी उभी नोकरी बँकेत कर्जखात्यावर गेली रे, चहा विचारणारी माणसं मी पुष्कळ बघितलीत, त्यांच्याबद्दल माझं वाईट मत नाही, पण कागदावर चहाचा कॉलम नसतो.

सगळे हक्क कायमचे आणि संपूर्ण विश्वात, असं लिहिलंय. विश्वात! बाबांना वाचून दाखवलं तर म्हणे मंगळावर थेटर काढणार असतील. हसलो आम्ही, पण मग मी कॉपीराइटचा कायदा काढून बसले तर कळलं की हे उगाच नाही लिहिलेलं. कलम 19 असं म्हणतं की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षंच धरायची, आणि कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. म्हणजे कागद गप्प बसला तर कायदा तुझ्या बाजूने, म्हणूनच ते गप्प बसत नाहीत, विश्व लिहून मोकळे होतात. त्याच कलमात आहे की ज्याला हक्क दिलेत त्याने वर्षभरात ते वापरले नाहीत तर सुटतात, करारात वेगळं ठरलं नसेल तर. तुझ्या करारात ते बरोबर वेगळं ठरवलेलं आहे, सातव्या पानावर. तिथे तू मुदत माग. तीन वर्षांत शूटिंग सुरू नाही झालं तर गोष्ट परत माझी, एवढं एकच वाक्य घाल म्हणावं. देतील नाहीतर नाही देणार, मागायला काय जातं.

रॉयल्टी सोडून दिली असंही तुझ्याकडून लिहून घेतलंय. ते टिकायचं नाही. 2012 साली कायदा बदलला, जावेद अख्तर राज्यसभेत होते तेव्हा, आणि आता सिनेमातल्या लिखाणाच्या लेखकाला थेटरात सिनेमा दाखवणं सोडून बाकीच्या वापरातल्या रॉयल्टीचा समान वाटा मिळायचा हक्क आहे आणि तो हक्क त्याला सोडताच येत नाही, द्यायचा तर वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे लेखकांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला. हक्क आहे म्हणून उद्या दारात चेक येईल असं मी म्हणत नाहीये, पण सोडलं म्हणून सही तरी का करायची? ते वाक्य काढायला सांग. भांडू नकोस, नुसतं म्हण की कायद्यात बसत नाही.

आता पैसे. आकडा बघून तू खूष झालास, मलाही बरा वाटला, पण मिळणार कधी? साइनिंगला थोडे आणि बाकीचे ‘मान्यता मिळाल्यावर’. कुणाची मान्यता, किती दिवसांत, किती ड्राफ्टनंतर, यातलं काहीच नाही. म्हणजे तू आठवा ड्राफ्ट लिहीत बसशील आणि मान्यता हिरोच्या तारखांकडे बघत बसेल. आमच्याकडे बांधकामाच्या कर्जाचे हप्ते टप्प्यावर सुटायचे, स्लॅब पडला की सोडा. तसंच मागून घे, सही केल्यावर इतके, गोष्ट लिहून दिली की इतके, पहिला ड्राफ्ट दिल्यावर, दुसरा दिल्यावर, आणि शेवटचा हप्ता शूटिंग सुरू व्हायच्या आधी, नंतर नाही. ‘दिल्यावर’ म्हण, ‘आवडल्यावर’ नको. दोन ड्राफ्टच्या पुढे लिहून हवं असेल तर त्याचे वेगळे पैसे. आणि 10 टक्के टीडीएस कापतात तो तुझ्या पॅनवर जमा झालेला दिसतोय का ते बघत जा, कापणारे सगळेच भरतात असं नाही, हे मी नोकरीत बघितलंय.

एक कलम मात्र मी अजिबात सही करू देणार नाही, ते इन्डेम्निटीचं. कुणी केस केली तर सगळा खर्च लेखकाचा, कितीही झाला तरी. अरे, तुला मिळणार किती आणि देणं किती? मिळालेल्या पैशापेक्षा जास्त जबाबदारी माझी नाही आणि तीपण मी चोरी केल्याचं कोर्टात सिद्ध झालं तरच, असं घालून घे. तू स्क्रीनरायटर्स असोसिएशनचा मेंबर झालास का नाही अजून? अंधेरीतच आहे ना त्यांचं ऑफिस, करार दाखवायला त्यांच्याकडे वकील असतो. मागच्या वेळी विचारलं तर फॉर्म भरायचाय म्हणालास. भर की.

आणि स्क्रिप्ट रजिस्टर झाल्याशिवाय कुठे नॅरेशनला जाऊ नकोस. तुमच्यात ही एक अजब पद्धत आहे, दोन तास समोर बसून अख्खा सिनेमा तोंडी सांगायचा, गाण्यासकट. दिल्लीचे एक नाटककार होते, आर. जी. आनंद. त्यांनी आपलं नाटक सिनेमाच्या दिग्दर्शकाला वाचून दाखवलं, पुढे 1956 ला त्या दिग्दर्शकाचा सिनेमा आला तर यांना वाटलं ही माझीच गोष्ट. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, 1978 ला निकाल लागला, हरले. कोर्ट म्हणालं कल्पनेवर कुणाचा कॉपीराइट नसतो, ती कशी मांडली त्यावर असतो. म्हणून नुसतं ‘माझ्याकडे एक आयडिया आहे’ म्हणून चहाच्या टेबलावर सांगत सुटू नकोस, सीनसकट लिही, रजिस्टर कर, मेल करून पाठव आणि मग काय गाणी गायची ती गा.

क्रेडिटचं राहिलंच. ‘निर्मात्याच्या मर्जीनुसार’ लिहिलंय. आपल्याकडे कथा, पटकथा, संवाद अशी तीन वेगळी नावं पडतात, यातली तुझी कुठली ते शब्दात लिहून घे, आणि पोस्टरवर असणार का तेपण. 1973 ला ‘जंजीर’च्या वेळी त्याचे लेखक सलीम-जावेद यांनी माणूस लावून मुंबईतल्या पोस्टरांवर आपली नावं रंगवून घेतली होती. तुला डबा ब्रश घेऊन फिरायला लागू नये म्हणून सांगतेय.

झालं कॉन्ट्रॅक्ट. आता स्क्रिप्ट, आणि इथे रागवायचं नाही.

गोष्ट चांगली आहे. सोलापूरच्या मुलीला शिकायला पुण्याला जायचंय आणि बाप कापडाचे माग चालवतो, पैसे नाहीत एवढंच कारण नाहीये, तो तिच्या हिशोबावर शेड चालवतोय हे शेवटी कळतं, ते मला फार आवडलं. पण 168 पानं! एक पान म्हणजे एक मिनिट हे तूच मला शिकवलंस, मग पावणेतीन तास काय चाललंय? बोलणं चाललंय. तुझी माणसं लई बोलतात. जे वाटतं ते सगळं बोलून दाखवतात, ही त्या सिरीयलची सवय आहे, तिथे बावीस मिनिटं रोज भरायची असतात आणि बाई कुकर लावताना ऐकत असते म्हणून सगळं बोलूनच सांगावं लागतं, ते मला मान्य आहे, मीपण तशीच ऐकते. सिनेमा बघणारा अंधारात समोर बसलाय, तो दुसरं काय करणारे?

सीन 41 घे. बाप आणि मुलगी शेडमधे पुण्यावरून भांडतात, अडीच पानं. मामाच्या शेडमधे तू लहानपणी किती वेळा गेलायस, चालू मागांच्या आवाजात कुणी अडीच पानं बोलतं का तिथे? कानाशी तोंड नेऊन ओरडायचं, नाहीतर हाताने खुणा. मामा तर नुसती दोन बोटं दाखवतो आणि पोरगा बरोबर तोच बॉबीन आणून देतो. भुवयांवर कापूस बसलेला, कुणाचाच चेहरा नीट दिसत नाही. तर असं कर, तिने ओरडून विचारावं, त्याला ऐकू येऊ नये, का ऐकूनही नाही आलं असं दाखवावं हे आपल्याला कळू नये. ती परत विचारते. तो खुणेने म्हणतो नंतर. आणि तेवढ्यात लाइट जाते. सगळे माग एकदम बंद. तो ओरडायच्या तयारीत तोंड उघडून असतो आणि ‘तू गेलीस तर हिशोब कोण बघणार’ हे एक वाक्य त्या शांततेत अख्ख्या शेडला ऐकू जातं. सगळे कामगार बघायला लागतात. बास. अडीच पानांचं पाऊण पान झालं आणि शेवटाचं बीपण तिथेच पडलं.

भाषेचं सांगते. तुझे सगळे लोक पुण्यासारखं बोलतात, आणि तू नाही बदललंस तर चॅनेलवाले त्यांना कोल्हापुरी करून टाकतील, कारण त्यांना गाव म्हटलं की तेवढंच माहितीये. सोलापूरच्या साखर पेठेत, पूर्व भागात माणूस घरात तेलुगू बोलतो, बाजारात कन्नड ऐकतो, दुकानात मराठी आणि भांडताना हिंदी. ते येऊ दे. सबटायटल लावा की. आणि तुझी हिरॉइन पान 12 वर सकाळी नळाखाली केस धुतेय. सोलापुरात? आमच्याकडे चार दिवसाआड पाणी येतं बाळा, पिंप भरायचं का डोकं धुवायचं? उलट पाण्याचा दिवस आहे म्हणून तिची परीक्षेची बस चुकते असं काहीतरी कर, इथली कुठलीपण पोरगी म्हणेल हे खरं आहे.

त्या मीटिंगमधे कुणीतरी म्हणालं ना की सोलापूरशी लोक कनेक्ट होणार नाहीत, पुणं करा. आपल्या सोलापूरच्या, चीनमधे सेवा करायला गेलेल्या डॉक्टर कोटणीसांवर शांताराम बापूंनी 1946 ला सिनेमा केला, कोटणीस जाऊन चार वर्षं झाली होती फक्त. आणि ‘सैराट’ आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याकडचा की, 2016 ला आख्खा महाराष्ट्र कनेक्ट झाला. तेव्हा ते मनावर घेऊ नकोस, पण वादही घालू नकोस, नुसतं हो हो म्हण आणि ड्राफ्टमधे सोलापूरच ठेव.

सिरीयल सोडायची का हे तू विचारलंस. नको सोडू. मला माहितीये रात्री अकराला सीन ऑर्डर येते आणि सकाळी सातच्या शिफ्टला डायलॉग लागतात, गुरुवारी टीआरपी पडला की आठवडाभर लिहिलेला ट्रॅक कचऱ्यात जातो, पैसेही नव्वद दिवसांनी. पण भाडं त्याच्यातून निघतं. आपले अतुल कुलकर्णी, इथल्या हरिभाई देवकरण शाळेचे, त्यांनी ‘लाल सिंग चड्ढा’ लिहिल्यावर पडद्यावर यायला दहा वर्षांहून जास्त लागली, 2022 उजाडलं. ते मधल्या काळात नट म्हणून कामं करत होते म्हणून थांबू शकले. तू सिरीयलवर थांब. फक्त सकाळचे दोन तास स्वतःच्या लिखाणाला ठेव, सिरीयलचा ग्रुप म्यूट करून. आणि ज्या दिवशी तुझी माणसं रोजच्या आयुष्यात पण पार्श्वसंगीतावर वळून बघायला लागतील त्या दिवशी सोड, तेव्हा मी भाडं पाठवेन.

कॉन्ट्रॅक्टवर लाल रंगात खुणा करून जोडलंय. सही करायच्या आधी असोसिएशनच्या वकिलाला दाखव, आणि तो जे म्हणेल ते मला सांग.

तुझी आई

ता.क. प्रिंट काढलेली स्क्रिप्ट बाबांनी मामाकडे वाचायला दिली, मला न विचारता. त्यातला शेडमालक दारू पितो आणि त्याला एक सोन्याचा दात आहे. मामीने कालच फोन करून विचारलं की चिन्याला दुसरा कुठला दात सुचला नाही का. तो दात काढून टाक.