त्या बाळाला मोठे होऊ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॅथलिक चर्च आणि लिंगओळख या विषयावरची वाचकांची पत्रे आपल्या अंकांत मी नेमाने वाचते आहे. दोन्ही बाजूंचे लोक आंतरलिंगी मुलांचा, म्हणजे ज्यांची शारीरिक लिंगलक्षणे मुलगा किंवा मुलगी या नेहमीच्या साच्यात बसत नाहीत अशा मुलांचा, दाखला देतात. एक म्हणतो, अशी मुले जन्मतात म्हणजे स्त्री-पुरुष हा भेदच खोटा. दुसरा म्हणतो, ती इतकी थोडी की त्यांचा विचार कशाला करायचा. आकडेही ज्याला जे सोयीचे ते: व्याख्या सैल केली की १.७ टक्के, आवळली की ०.०१८ टक्के. मी कॅथलिक आहे आणि माझी सगळी नोकरी नवजात बाळांच्या विभागात परिचारिका म्हणून झाली. ही बाळे मी हाताळली आहेत, म्हणून लिहिते.

बाळाच्या बाह्य अवयवांवरून मुलगा की मुलगी हे सांगता येत नाही, याचे नेहमी आढळणारे एक कारण म्हणजे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींचा जन्मजात विकार. सुमारे १५,००० जन्मांत एखादे बाळ तो घेऊन येते. कॉर्टिसॉल हे शरीराला अत्यावश्यक संप्रेरक पुरेसे बनत नाही आणि पुरुषी संप्रेरके वाढत जातात. अशा मुलीची गुणसूत्रे स्त्रीची म्हणजे एक्सएक्स, गर्भाशय आणि बीजांडकोश जागच्या जागी, पण बाहेरून बाळ मुलासारखे दिसू शकते. यातल्या बऱ्याच बाळांच्या शरीरातून मीठ निघून जाते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू होतात, सोडियम उतरते, पोटॅशियम चढते आणि त्या कमी पडणाऱ्या संप्रेरकाचे औषध, हायड्रोकॉर्टिसोन, वेळेवर मिळाले नाही तर बाळ दगावते. खरी घाई या उपचारांची असते. घरच्यांची घाई मात्र असते ती बाळाचे अवयव ‘नीट’ करून घ्यायची. त्यांना मी दोष देत नाही. लोक काय विचारतील या भीतीने त्यांची झोप उडालेली असते.

अशाच एका आईने मला विचारले होते, “सिस्टर, स्नानसंस्काराला (बाप्तिस्म्याला) फादरांना काय सांगू? मुलाचे नाव देऊ की मुलीचे?” मी म्हटले, तुम्हाला आवडेल ते नाव द्या, पण संस्कार लांबवू नका. स्नानसंस्काराच्या शब्दांत लिंगाचा उल्लेख नाही. १९८३च्या धर्मसंहितेतील, म्हणजे चर्चच्या कायद्यातील, कलम ८७७ स्नानसंस्काराच्या नोंदवहीत काय लिहायचे ते सांगते: नाव, आईवडील, धर्ममातापिता, संस्कार देणारा, जन्माची व संस्काराची तारीख आणि ठिकाण. त्या यादीत लिंग नाही. आणि बाळाचा जीव धोक्यात असेल तर कलम ८६१नुसार योग्य हेतू असलेली कोणीही व्यक्ती, अगदी परिचारिकासुद्धा, संस्कार देऊ शकते.

आता व्हॅटिकनच्या दस्तऐवजांकडे वळते, कारण पत्रलेखकांनी ते अर्धेच वाचलेले दिसतात. ८ एप्रिल २०२४ रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्त विभागाने मानवी प्रतिष्ठेवरचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्याच्या ६०व्या परिच्छेदात लिंगबदलाच्या हस्तक्षेपाला विरोध आहे. पण लगेच पुढे म्हटले आहे की, जन्मतः दिसणाऱ्या किंवा नंतर उद्भवणाऱ्या जननेंद्रियांच्या विकृतींसाठी व्यक्तीने वैद्यकीय मदत घेतली तर तो या अर्थाने लिंगबदल ठरत नाही. हा फरक मला पटतो. आंतरलिंगी असणे आणि पारलिंगी असणे (जन्मतः ठरवलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी वाटणे) हे दोन वेगळे अनुभव आहेत, आणि एकाचे शरीर दुसऱ्याच्या वादात पुरावा म्हणून वापरणे अन्याय आहे.

मला खटकते ते वेगळेच. जाहीरनामा म्हणतो, व्यक्ती मदत घेण्याचे ठरवू शकते. तीन महिन्यांचे बाळ काय ठरवणार? व्हॅटिकनच्याच शिक्षण विभागाच्या २०१९च्या दस्तऐवजाने पालकांना मनमानी निवड करू नका असे बजावले, कमीत कमी हस्तक्षेप करा असेही सांगितले. हे चांगलेच आहे. पण निर्णय ‘वस्तुनिष्ठ निकषां’वर वैद्यकशास्त्राकडे सोपवला. हे निकष कोणते? शरीराला पुरुषी संप्रेरकांचा प्रतिसादच नसलेल्या एखाद्या स्त्रीची गुणसूत्रे एक्सवाय, म्हणजे एरवी पुरुषांत आढळणारी, असतात. ती मुलगी म्हणून जन्मते, मुलगी म्हणून वाढते. पाळी येत नाही म्हणून डॉक्टरकडे गेल्यावरच तिला हे कळते. गुणसूत्रांचा निकष लावून तिला पुरुष म्हणणार का? आणि वैद्यकशास्त्रावर भरवसा ठेवायचा तर इतिहासही आठवायला हवा. १९५०च्या दशकापासून अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांच्या मतांच्या प्रभावाखाली तान्ह्या बाळांवर शस्त्रक्रिया करायची रीत पडली. त्यातून अनेकांच्या वाट्याला व्रण, संवेदना गमावणे, वंध्यत्व आणि वर्षानुवर्षांची लपवाछपवी आली.

गंमत नव्हे, खेदाची गोष्ट ही की आमचीच जुनी परंपरा याबाबत जास्त समंजस होती. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकात अशा व्यक्तींचा उल्लेख केला, तो सगळी माणसे आदामाचीच लेकरे आहेत हे सांगताना. पुढे मध्ययुगातील काही धर्मपंडितांनी असे मत दिले की, स्त्री आणि पुरुष दोन्हींची लक्षणे सारखीच असतील तर त्या माणसानेच आपण कोण ते निवडावे आणि शपथेवर सांगावे. निवड त्याची, आणि मोठेपणी.

आमच्या काळात सॅली ग्रॉस यांच्या वाट्याला काय आले? दक्षिण आफ्रिकेतील या आंतरलिंगी व्यक्तीला जन्मतः मुलगा ठरवले गेले होते. त्या डॉमिनिकन या कॅथलिक धर्मसंघात दाखल झाल्या, धर्मगुरू झाल्या आणि पुढे स्त्री म्हणून जगू लागल्यावर पुरोहितपद व संघ दोन्ही गेले. त्यांनी आंतरलिंगी लोकांसाठी संघटना उभी केली. २०१४ मध्ये त्या वारल्या. धर्मगुरुपद फक्त पुरुषांना, हे धर्मसंहितेचे कलम १०२४ मला ठाऊक आहे, त्यावर मी वाद घालत नाही. पण ज्या माणसाने आपले आयुष्य ख्रिस्तसभेला, म्हणजे चर्चला, दिले त्याला निरोप देतानाही माया दाखवता येते.

पारलिंगी व्यक्तींविषयी एकच सांगते. शरीर ही देणगी आहे, ही शिकवण मी मनापासून मानते. तरी २०२३ च्या शरद ऋतूत याच श्रद्धासिद्धान्त विभागाने, लोकांत गोंधळ माजणार नसेल तर अशा व्यक्तीला स्नानसंस्कार मिळू शकतो, असे लेखी उत्तर दिले आहे. प्रवचनातून त्यांची टिंगल करणाऱ्यांनी ते वाचावे.

२०१५ मध्ये, कॅथलिक धर्म राज्यघटनेत असलेल्या माल्टाने, आवश्यकता नसताना मुलांच्या लिंगवैशिष्ट्यांवर शस्त्रक्रिया करायला जगात पहिल्यांदा बंदी घातली. त्या कायद्यातील लिंगओळखीची कलमे मला मान्य नाहीत, पण हे एक कलम आमच्या महागुरूंनी (बिशपांनी) उचलावे. जगभर ख्रिस्तसभेची हजारो रुग्णालये आहेत. त्यांनी लेखी नियम करावा: मिठाचा तोल ढळला, लघवी अडली, जिवाला धोका असला तर ताबडतोब उपचार करा, बाकी सगळे मूल स्वतः बोलू लागेपर्यंत थांबवा. पालकांची गाठ मोठ्या झालेल्या आंतरलिंगी व्यक्तींशी घालून द्या. आणि बाळाच्या तपासण्यांचे, उपचारांचे सगळे कागद जपून ठेवा आणि ते मोठेपणी त्याच्याच हाती द्या.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)