उमेदवाराचे हसू आणि जन्मदाखला

२०२४ च्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत कमला हॅरिस केवळ धोरणांमुळे हरल्या, वंशाचा आणि बाईपणाचा संबंध नाही, असे अजूनही ठामपणे सांगितले जाते. ते मला पटत नाही. महागाई, स्थलांतर हे मुद्दे होतेच. पण त्यांच्या हसण्याची जेवढी टवाळी झाली, तेवढी कुणा पुरुष उमेदवाराच्या हसण्याची झाली? ३१ जुलै २०२४ रोजी शिकागोत, तेही कृष्णवर्णीय पत्रकारांच्या अधिवेशनात, त्यांचे प्रतिस्पर्धी डोनाल्ड ट्रम्प यांनी 'या अचानक कृष्णवर्णीय झाल्या' असा सूर लावला. आई तमिळ, वडील जमैकाचे, हे हॅरिस यांनी कधीच लपवले नव्हते.

ते अमेरिकेत जन्मलेच नाहीत, अशा अफवांमुळे बराक ओबामांना राष्ट्राध्यक्षपदी असताना, एप्रिल २०११ मध्ये, जन्माचा सविस्तर दाखला जाहीर करावा लागला. २००८ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या सभेत हिलरी क्लिंटन यांना 'माझा शर्ट इस्त्री कर' असे ओरडून सांगितले गेले.

मला मात्र शर्ली चिशोम आठवतात. अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, १९६८ साली निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. १९७२ मध्ये त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागितली, तेव्हा अनेक कृष्णवर्णीय पुरुष नेत्यांनीच पाठ फिरवली. काळी म्हणून सोसले त्याहून बाई म्हणून जास्त सोसले, असे त्या सांगत.

परदेशी निवडणुकांच्या विश्लेषणात ही बाजूही छापावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, डोंबिवली