शंका कुणाला विचारायच्या?

मा. संपादक,
स. न.

शिवणवर्गांत यापुढे संगणकावरचे पॅटर्नमेकिंग, म्हणजे कापड बेतायचे कागदी नमुने काढणे, व्हिडिओवरून शिकवणार, ही कालच्या अंकातली बातमी वाचली. अभिनंदन! आता शिक्षिकांना घरी बसवा आणि पगार वायफायला द्या.

संगणकाशी माझे वाकडे नाही. ३४ इंच छातीचा कागदी नमुना एकदा बसला की ३६, ३८, ४० चे ग्रेडिंग, म्हणजे तोच नमुना पुढच्या मापांत वाढवणे, तो मिनिटांत करून देतो. हाताने करायचे तर माझी दुपार जाते. पण माझ्या भाचीने म्हापशाच्या एका संस्थेत चांगली फी भरून असाच व्हिडिओ कोर्स केला. चवथीसाठी खणाचा ब्लाउज बेतला. पडद्यावर मुंढा, गळा, टक्स सगळे नेमके. झेरॉक्सच्या दुकानात ए-फोर कागदांवर छापून, चिकटवून, कापून शिवला, तर छातीवर हुक लागेनात. पॅटर्नच्या कोपऱ्यात छपाईचे माप तपासायला ५ सेंटीमीटरचा चौकोन असतो. मी टेप लावली, तर तो ४.८ भरला. दुकानदाराने छपाई ‘फिट टू पेज’वर, म्हणजे पानात मावेल अशी आक्रसून, ठेवलेली! ३६ च्या छातीत जवळजवळ दीड इंच गेला. खण आधीच तोकडा, त्यामुळे शिवणीत सोडलेली माया बेताची. उसवून सोडायलाही काही नव्हते. कात्री लावण्याआधी तो चौकोन मोजून बघायचा असतो, हे व्हिडिओत एका शब्दाने नाही. संस्थेला फोन केला, तर उत्तर मिळाले, ‘मॅडम, व्हिडिओ परत बघा.’ परत बघितला. मागे बासरी छान वाजते.

मोबाइलवर बाण नेमका कुठे टिचकी मारतो ते दिसत नाही, सॉफ्टवेअर बदलले की बटणे भलतीकडे जातात, ते वेगळेच. यातून आपल्या गोव्याच्या फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांच्यासारखे पुढचे घडणार म्हणे. त्यांनी कुणबी साडी पुन्हा पुढे आणली ती विणकरांना हाताशी धरून, बासरी ऐकत नव्हे.

व्हिडिओ दाखवाच, पण आठवड्यातून एक दिवस शंका विचारायला माणूस बसवा. तालुक्याच्या गावी एखादा प्लॉटर, म्हणजे मोठ्या कागदावर छापणारे यंत्रही ठेवा; ए-झीरोच्या एका कागदात १६ ए-फोर मावतात, मुलींची चिकटवाचिकटव तरी वाचेल.

जाता जाता, बातमीच्या फोटोत समई पेटवणारे पाहुणे नावानिशी छापलेत. मागे यंत्रावर बसलेल्या मुलीचे डोके मात्र तुम्ही मानेपासून कापले आहे.

– एक शिवण शिक्षिका, डिचोली