सातव्या परिच्छेदाबद्दल

फोंडा

चि. मंजू,

काल रात्री तू पाठवलेला घटस्फोटाच्या अर्जाचा मसुदा वाचला. बाकी ठीक आहे, पण सातव्या परिच्छेदाशी मी अडले. 'अर्जदार क्रमांक दोन कोणत्याही मालमत्तेवर हक्क सांगणार नाही.' अर्जदार क्रमांक दोन म्हणजे तू. फोनवर तू म्हणालीस, 'आई, मला त्यांचं काही नको, सुटका हवी.' सुटकेबद्दल मी बोलणार नाही. ते तू विचार करून ठरवलंयस, बाबांनीही आता मानलंय. पण त्या परिच्छेदाखाली सही करू नकोस.

नेटवर तू ते सहा महिने थांबण्याचं वाचतेस ना, ते हिंदू विवाह कायद्यातलं. तो गोव्यात लागू नाही. आपल्याकडे 1910 चा पोर्तुगीज काळातला घटस्फोटाचा कायदाच चालतो. संमतीने अर्ज करायचा तर दोघांची 25 वर्षं पूर्ण हवीत आणि लग्नाला 2 वर्षं होऊन गेलेली हवीत. तुमचं दोन्ही आहे. त्यात आधी एका वर्षासाठी हंगामी घटस्फोट मिळतो आणि वर्ष संपल्यावर दोघांना पुन्हा विचारून तो कायम होतो. म्हणून घाई कसली करतेस? वर्ष तसंही जाणारच आहे.

कागदांचं सांगते. लग्नाचा दाखला जिथे लग्न नोंदवताना दुसरी सही केलीत त्याच तालुक्याच्या नोंदणी कचेरीतून काढ. झेरॉक्स नको, प्रमाणित प्रत हवी, आणि एकदम तीन घे. जन्मदाखला तुझा, नवऱ्याचा म्हणजे रोहनचा, आणि लेकाचा, नीलचा. इथे हमखास घोळ होतो. तुझ्या जन्मदाखल्यावर मंजिरी, सासरी ठेवलेलं नाव आधारवर, आणि पॅनवर आणखी तिसरंच. तिन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर आताच करून घे. नाहीतर तारखेला हाच आक्षेप निघतो आणि पुढची तारीख पडते.

नील कोणाकडे राहणार, शाळेची फी कोण भरणार, सुट्टी कुठे, हे करारात आकड्यांनिशी लिहा. 'योग्य तो खर्च' असं लिहिलं की पुढे भांडण ठरलेलं. पोटगीचा प्रश्न आला तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालाप्रमाणे दोघांनाही उत्पन्न, खर्च, मालमत्ता आणि कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पगाराच्या पावत्या आणि आयकराची विवरणपत्रं आत्तापासून एका फाईलमध्ये ठेव. व्हॉट्सॲपवरचे निरोप दाखवायची वेळ आली तर नुसती प्रिंट चालत नाही, त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. म्हणून जुना फोन विकू नकोस, रिसेटही करू नकोस.

आता मालमत्तेची यादी. ती कोर्टात द्यावीच लागते, आणि खरा घोळ तिथेच आहे. लग्नाआधी तुम्ही नोटरीकडे मालमत्तेबद्दल करार केला नव्हता. करार नसला की आपल्याकडे दोघांचं सगळं सामाईक होतं. कागद कोणाच्या नावावर आहे याला फारसा अर्थ उरत नाही, अर्धा वाटा तुझाच. तो मागायला जायचंच नसतं, मुळात तो तुझा असतो. जमिनीचे एक-चौदाचे उतारे, फ्लॅटचं विक्रीखत, गाडीचं आरसी, ठेवी, पीएफ, विमा, शेअर, सगळं यादीत घाल. गृहकर्जाची बाकीही लिही, कर्जही वाटणीत येतं. दागिने ग्रॅममध्ये, बिलासकट. पुण्याच्या फ्लॅटबद्दल वकिलांना मुद्दाम विचार. गोंयकाराच्या राज्याबाहेरच्या मालमत्तेच्या वारसाहक्कालाही आपलाच कायदा लागतो, असं 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय.

आणि सासऱ्यांचं घर. ते गेले तेव्हा रोहनचा त्यात जेवढा वाटा आला, तोही सामाईकात आला, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, झाली असो वा नसो. उद्या थोरले दीर हक्कसोडपत्र घेऊन येतील, 'वहिनी, एवढी सही द्या' म्हणतील. बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला वारसा सोडता येत नाही, म्हणूनच तर येतील. कोऱ्या कागदावर सही तर नाहीच, पण वकिलांकडेही कोणताच कागद वाचल्याशिवाय सही नाही. प्रत्येक पानावर सही करायची आणि प्रत आपल्याकडे ठेवायची.

बघ, पुन्हा सुरू झाले मी. तू तीस माणसांचा विभाग सांभाळतेस आणि तुला मी सही कशी करायची ते शिकवतेय. रागावू नकोस. पण चवथीला तुझ्या वाट्याच्या नेवऱ्या तू दादाला देऊन टाकायचीस आणि आजीने विचारलं की 'मला भूकच नाही' म्हणायचीस, तो आवाज मला काल फोनवर ऐकू आला. मोठेपणा दाखवायला पुढे खूप वेळ आहे, नीलची शाळा मात्र आताच सुरू आहे.

तुला द्यायचंच असेल काही, तर वाटणी झाल्यावर दे. आधी आकडा तर दिसू दे.

वकिलांच्या फीचं ओझं वाटलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याने बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यात कमीपणा काही नाही. निकाल लागल्यावर त्याची नोंद लग्नाच्या मूळ नोंदीवर करून घ्यायची, ते काम लोक विसरतात.

शनिवारी ये. बाबा बाजारातून इसवण आणणार आहेत. मसुद्याची प्रिंट घेऊन ये, सातवा परिच्छेद आपण पेनने खोडू आणि सोमवारी वकिलांना पाठवू.

तुझी,
आई

ता.क. लॉकरची किल्ली सध्या कोणाकडे आहे ते आजच कळव.