सईच्या टकलाबद्दल

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा तू टक्कल करणार म्हणालीस आणि मी "अजिबात नाही" म्हणून फोन ठेवला. आजीचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालंय, तरी दोन रात्री डोळा लागला नाही.

माझी पणजी तरुणपणी विधवा झाली. मी पाहिली तेव्हा अंगावर तांबडं आलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला. पंधरवड्याला न्हावी मागच्या दाराने यायचा. एकदा तिने माझा हात पदराखाली नेऊन डोक्यावर ठेवला. करवंटीसारखं खरखरीत लागलं. "टोचतं ना गं?" म्हणाली. मुंबईच्या न्हाव्यांनी 1890 मध्येच विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं होतं, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी होते. आमच्या वाड्यापर्यंत ते कधी पोचलंच नाही. तुझं बोलणं ऐकलं आणि माझ्या तळव्याला तेच टोचलं. शाळेचा नियम नंतर आठवला.

पणजीला कुणी विचारलं नव्हतं. तू आपणहून खुर्चीत बसणार आहेस, तेही मैत्रिणीच्या कॅन्सर झालेल्या धाकट्या भावासाठी. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. केसांच्या मुळांतल्या पेशीही तशाच, म्हणून दोन-तीन आठवड्यांत उशीवर पुंजके दिसू लागतात. त्या पोरालाही कुणी विचारलेलं नाही. तुझ्याजवळ बसून त्याला बरं वाटणार असेल, तर माझी हरकत नाही. संमतीपत्रावर सही करून फोटो पाठवलाय.

आता शाळा. दोन नंबरच्या मशीनपेक्षा बारीक केस नकोत, असं त्यांचं म्हणणं. दोन नंबर म्हणजे सहा मिलिमीटर. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून "सुट्टी लागल्यावर करा" असा त्यांचा सल्ला. हिशेब बरोबर आहे, पण मला तो पटत नाही. लपवूनच करायचं तर वर्ल्ड्स ग्रेटेस्ट शेव्ह कशाला? 1998 पासून ऑस्ट्रेलियाभर दर मार्चमध्ये माणसं चारचौघांत भादरून घेतात, ट्राममध्ये कुणीतरी "का गं?" विचारतं आणि त्यातूनच ल्युकेमिया फाउंडेशनकडे, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे, पैसे जमतात. लांबच्या गावांहून उपचारांना आलेल्या कुटुंबांची राहायची सोय त्यातून होते.

तरी भांडायला जाऊ नकोस. आधी मुख्याध्यापकांना पत्र दे, तारीख आणि कारण लिहून. 2014 मध्ये कोलोरॅडोत तिसरीतल्या एका मुलीने आजारी मैत्रिणीसाठी डोकं भादरलं, तर शाळेने तिला घरी बसवलं. दुसऱ्या दिवशी संचालक मंडळाने मतदान घेऊन परत घेतलं. पोरीला तो एक दिवस तरी का सोसायला लागावा? नियम फॅशनसाठी केलेला असतो. अपवाद मागितला तर देणारी माणसं तुझ्या शाळेतही आहेत, तुझे पीटीचे सर तर नक्की देतील.

वेणी आधी कापायची, केस कोरडे असताना, दोन्ही टोकांना रबर लावून. विग करणाऱ्यांकडे देऊ. डोक्याला सनस्क्रीन विसरू नकोस, तिथलं ऊन वाईट. मी बारा तारखेला पोचते, तोवर थांब. मशीनचा पहिला हात मला फिरवायचाय.

आजीला काल सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग उशीखालून पाकीट काढून दोन हजार रुपये दिले. म्हणाली, "पावती आजेसासूबाईंच्या नावाने फाडायला सांग."

तुझी,
आई