चालत्या मशीनला म्हातारं कोण ठरवतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, बायोडेटा, अर्ज, मयताचे फलक, जे येईल ते. तंत्रज्ञानावर लिहिण्याइतका माझा अभ्यास नाही, पण मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर रोज दहा-बारा तास बसणारा माणूस म्हणून चार शब्द लिहावेसे वाटले. ही कंपनी भारी की भंगार, नवं काही देते का, माणसांना कशी वागवते, यावर दुकानात रोज वाद झडतो. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे.

आधी तिचं देणं मान्य करतो. आमच्या भागात एकाच पत्रिकेवर दोन लिप्या लागतात. मुलगा येळ्ळूरचा, मुलगी गोकाककडची. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड, आणि दोन्हीकडच्या आज्या आपापल्या बाजूची वेलांटी तपासणार. पूर्वी मराठीला श्रीलिपी आणि कन्नडला नुडी, अशी टायपिंगची वेगवेगळी सॉफ्टवेअर आणि त्यांचे वेगवेगळे फॉन्ट, असा कारभार होता. फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा. एकदा तसाच प्रूफ छापून गेला होता, ते पन्नास कागद मी अजून पाठकोरे म्हणून वापरतो. विंडोज २०००मध्ये देवनागरी आली, र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फॉन्ट आला. पाठोपाठ २००१च्या एक्सपीत कन्नड आली, फॉन्टचं नाव तुंगा. मंगल छापायला देखणा नाही असं आम्ही धंदेवाले म्हणतो. पण ‘बेळगाव’मधला ळ आणि ‘ಬೆಳಗಾವಿ’तला ळ एकाच फाइलीत शेजारी बसले आणि दुसऱ्या मशीनवरही तसेच राहिले, हे आमच्यासाठी केवढं मोठं होतं ते पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून कळायचं नाही.

आता दुसरी बाजू. जुलै २०१५मध्ये विंडोज १० आलं, त्याच्या जरा आधी कंपनीचाच एक कर्मचारी जाहीर परिषदेत म्हणाला होता की हे शेवटचं विंडोज. सहा वर्षांत ११ आलं. येऊ दे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यासाठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा, अशी अट आली. त्याआधीचं मशीन कितीही ठणठणीत असो, कंपनीच्या लेखी ते रांगेबाहेर. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सुरक्षेचा आधारही संपला.

माझ्या दुकानात चार मशीन. २०१९ साली घेतली तेव्हा विकणाऱ्याने ‘अगदी लेटेस्ट आय-फाइव्ह’ म्हणून गळ्यात मारली. पुढे उघडून पाहिलं तर दोघांत सहाव्या पिढीचा प्रोसेसर. तो दुकानदार आता धंदा बंद करून गेला, त्याचं नाव काढून काय करू? बरं, ती दोन मशीन आजही एका दिवसात दोनशे पानांचा अहवाल लावतात, कुरकुर नाही.

कंपनीने सवलत दिली आहे, नाही असं नाही. १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत एक वर्ष सुरक्षेचे अपडेट मिळतात. त्यासाठी ३० डॉलर भरा, त्यांचे हजार रिवॉर्ड पॉइंट खर्च करा, नाहीतर मशीनच्या सेटिंग्ज त्यांच्या खात्यात साठवा. म्हणजे पैसा द्यायचा नसेल तर माहिती द्या. युरोपात ग्राहक संघटनेने आवाज उठवला, तेव्हा तिथल्या देशांपुरती ही साठवायची अट काढली. रेषेच्या अलीकडे एक नियम, पलीकडे दुसरा, हे बेळगावकराला नवं नाही. एकेकाळी महाराष्ट्राच्या हद्दीवरची शिनोळी ओलांडली की मोबाइलला रोमिंग लागायचं. चंदगडच्या पाहुण्याला मिस्ड कॉल देऊन आम्ही दिवस काढले आहेत. फरक इतकाच की युरोपातल्या ग्राहकाच्या मागे संघटना उभी राहिली. आपल्याकडे ग्राहक संरक्षणाचा कायदा २०१९चा आहे, पण या प्रश्नावर कोणी संघटना पुढे आल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

नावीन्याचं म्हणाल, तर २०२४पासून नव्या लॅपटॉपांच्या कळफलकावर कोपायलटची, म्हणजे कंपनीच्या एआय मदतनिसाची, वेगळी कळ आली. बऱ्याच लॅपटॉपवर उजवीकडचं कंट्रोल तिने गिळलं. टायपिंगवाल्याला विचारून कोणी कळ हलवत नाही, हे मान्य. पण त्याच वर्षी ‘रिकॉल’ जाहीर केलं, ते मात्र मला धास्तावून गेलं: मशीन दर काही सेकंदांनी स्क्रीनचा फोटो काढून ठेवणार. माझ्या स्क्रीनवर दिवसभर लोकांचे आधार, पासबुक, जमिनीचे पहाणी उतारे उघडतात. जगभर ओरड झाली, कंपनीने ते लांबवलं, पुढच्या वर्षी आणलं ते ‘चालू करायचं की नाही ते तुम्ही ठरवा’ असं करून. ओरड झाली नसती तर?

कामाच्या ठिकाणच्या वातावरणाबद्दल मी काय बोलावं, पण माझा भाचा बेंगळूरला एका आयटी कंपनीत आहे (मायक्रोसॉफ्टमध्ये नव्हे). तिथे ‘बेल कर्व्ह’ असतो म्हणे. आठ जणांची टीम कितीही चांगली असली तरी एकाला खालचा शेरा द्यावाच लागतो. एका वर्षी तो शेरा त्याच्या वाट्याला आला, गणपतीला घरी आला तो मुका होऊन. असल्याच उतरंडीसाठी मायक्रोसॉफ्ट एकेकाळी बदनाम होती. ती पद्धत तिने नोव्हेंबर २०१३मध्ये मोडली. लोक श्रेय सत्या नडेलांना देतात, पण ते प्रमुख झाले फेब्रुवारी २०१४मध्ये, म्हणजे त्यांच्या आधीचं हे काम. नडेला आपल्याच राज्यातल्या मणिपालला शिकले म्हणून आम्हालाही त्यांचं कौतुक आहे, पण हिशेब हिशेबाच्या जागी. आणि उतरंड मोडली तरी माणसं कमी करणं थांबलं नाही: २०२३च्या जानेवारीत १० हजार, २०२५च्या मे महिन्यात सुमारे ६ हजार, जुलैत आणखी सुमारे ९ हजार. भाचा म्हणतो, ‘मामा, आता शेरा देत नाहीत, एकदम मेल येतो.’

मला यात एकच खोड दिसते. माणसांना खालचा शेरा देणं बंद केलं, पण यंत्रांना तोच शेरा दिला. काम चोख करतं की नाही हे कोणी पाहिलं नाही, जन्मसाल पाहिलं. नवं मशीन म्हणजे माझ्यासारख्याला एका लग्नसराईची कमाई. चिपची अट सुरक्षेसाठी आहे हे भाच्याने समजावलं आणि मला ते पटतंही. पण मग जुन्या मशीनला निदान सुरक्षेचे अपडेट तरी बिनअटीचे, ते चालतंय तोवर द्यायला काय हरकत होती?

सध्या दोनपैकी एका मशीनवर भाच्याने विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकटची प्रणाली घालून दिलीय. मराठी-कन्नड दोन्ही त्यावर नीट उमटतं. पण माझे वीस वर्षांचे जुने अहवाल श्रीलिपीत, आणि ते त्यावर उघडत नाहीत. म्हणून दुसऱ्या मशीनची नेटची वायर काढून ते विंडोज १०वर तसंच ठेवलंय. सोसायटीचे चेअरमन गेल्या वर्षीचा ताळेबंद मागायला आले की मी पेन ड्राइव्ह घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर जातो.

आपला,
एक डीटीपी व्यावसायिक
शहापूर, बेळगाव