पिसांच्या बादशहाचं थिएटर

प्रिय मंदार,

‘अमेरिकन म्युझिकल म्हणजे पिसं लावलेल्या पोरींची रांग,’ असं तू ठोकून दिलंस. 1927 पर्यंत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ही संगीत नाटकं बरीचशी तशीच असत. कथानक नावापुरतं, गाणी वाटेल तिथे घुसडलेली. पण त्याच वर्षी 27 डिसेंबरला झीगफेल्ड थिएटरात ‘शो बोट’ लागलं. संगीत जेरोम कर्नचं, संहिता आणि गीतं ऑस्कर हॅमरस्टाइनची. निर्माता कोण, तर पिसं लावलेल्या पोरींचे खेळ गाजवणारा खुद्द झीगफेल्ड, पिसांचा बादशहा!

मिसिसिपी नदीवरून बोटीने गावोगाव खेळ करत फिरणारी नाटक कंपनी. तिची नायिका ज्यूली मिश्र वंशाची, पण गोरी म्हणून वावरते. तिथल्या तेव्हाच्या कायद्याने काळ्या-गोऱ्यांचं लग्न गुन्हा. शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस अधिकारी, येतोय कळताच तिचा गोरा नवरा सुरी काढतो, तिच्या हाताला चीर देतो, रक्त चोखतो आणि शेरीफला सांगतो, माझ्याही अंगात काळं रक्त आहे. 1927 साली, नाचगाण्याला म्हणून आलेल्या प्रेक्षकांसमोर हे!

1932 नंतरची दहाएक वर्षं मात्र हॅमरस्टाइनची नाटकं एकामागून एक आपटली. मग संगीतकार रिचर्ड रॉजर्सशी जोडी जमली. रॉजर्सची जुनी सवय आधी चाल, मग शब्द. आपल्याकडेही बंदिशीवर पदं बेतलीच की. इथे उलटं झालं: हॅमरस्टाइन कागद हातात द्यायचा आणि रॉजर्स चाल लावायचा.

31 मार्च 1943, या जोडीचं ‘ओक्लाहोमा!’. पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकटी म्हातारी लोणी घुसळतेय. नाचणाऱ्या पोरींचा पत्ता नाही. विंगेतून काउबॉयचा आवाज येतो, तोही सुरुवातीला साथीशिवाय. पहिल्याच मिनिटाला एवढं धाडस करायला छाती लागते. पुढे अ‍ॅग्नेस डी मिलने बसवलेलं स्वप्नातलं बॅले आहे. नायिकेच्या मनातली भीती तिच्या तोंडून निघत नाही, ती त्या नाचात कळते. मला सगळ्या नाटकात तोच भाग सर्वांत आवडतो. काउबॉयचे विनोद आता शिळे वाटतात. एकूण प्रयोग 2212.

यश डोक्यात जाऊ नये म्हणून हॅमरस्टाइनने काय करावं? 1944 च्या सुरुवातीला ‘व्हरायटी’ या नाट्यव्यवसायाच्या पत्रात स्वतःच जाहिरात दिली. त्यात आपल्या पाच पडेल नाटकांची यादी, प्रत्येक किती आठवडे चाललं ते आकड्यांसकट, आणि वर मल्लिनाथी: हे मी आधी करून दाखवलंय, पुन्हाही करू शकतो.

वहिनींना नमस्कार सांग. उत्तर लवकर लिही, भांडायचंय.

तुझा,
अनंत